मागं बसणाऱ्याची गाडी

जुनी गाडी बघायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. इंजिनाचा आवाज ऐकतो, ऑइलची काडी पुसून बघतो, दारं उघडमीट करतो, पत्र्यावर बोटानं टकटक करून लांबी कुठं भरलीय याचा अंदाज घेतो. गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून कमानपाटे बघणारा माणूस क्वचितच भेटतो. खरं तर गाडीचा आणि गाडीतल्या माणसांचा सगळा भार तेच वाहतात. रस्ता कसा आहे हे आधी त्यांना कळतं, मग आपल्या पाठीला. इंजिन गाडीला पुढं नेतं, पण पोचल्यावर माणूस कोणत्या अवस्थेत खाली उतरणार, हे पाटे आणि शॉकअप ठरवतात. गेली काही वर्षं माझा जीव या खालच्या भागात गुंतला आहे आणि त्याची मुळं बरीच मागं जातात.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या मुख्य रस्त्यापासून बरंच वर. माझ्या लहानपणी तिथवर डांबर आलं नव्हतं. आजोबांची बैलगाडी होती. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, मधे कणा आणि कण्यावर थेट साटा. चाकाखाली दगड आला की त्याचा गचका जसाच्या तसा माणसाच्या मणक्यात जायचा, वाटेत त्याला अडवायला काही नसे. आजोबा साट्यात पेंढ्याचा जाड थर घालत आणि वर घोंगडं पसरत. आजी गाडीत असली की त्यांचा हात वेगळाच चाले. मोठा धोंडा दिसला की ते कासरा ओढून बैल जवळजवळ थांबवत, एक चाक हळूच वर चढवत, तितक्याच हळू खाली सोडत. दगड काही हलवता येत नसे, पण त्यावरून किती सावकाश जायचं हे त्यांच्या हातात होतं. पुढं खाली कराडच्या बाजूला उसाच्या हंगामात टायरच्या बैलगाड्या दिसायला लागल्या. त्यांनाही कमानी नव्हत्या, पण टायरातल्या हवेनं निम्मा त्रास कमी केला होता.

कमानपाटे मी पहिल्यांदा नीट पाहिले ते मिरजेत. मामाकडं जाताना स्टेशनवरून तांगा करावा लागे. मागच्या बाजूला उलटं तोंड करून बसलं की खाली वाकून चाकाजवळचे पाटे दिसत. एकाखाली एक, खालचा वरच्यापेक्षा आखूड, मधोमध आवळलेले. खड्डा आला की ती सगळी चवड सपाट व्हायची आणि पुन्हा वर यायची. मागं माणसं जास्त झाली, तांगा उलाळ व्हायला लागला की तांगेवाला म्हणायचा, “पावणं, जरा पुढं सरका.” भार कुठं आहे यावर पाटा कसा वागेल ते ठरतं, हे तो एका वाक्यात सांगून जायचा. घोडागाडीचा सांगाडा थेट लंबगोल कमानींवर टेकवण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये ओबादाया एलियटनं 1804 साली घेतलं. त्याआधीच्या बग्ग्या चामडी पट्ट्यांवर टांगलेल्या असत आणि झुलत. एलियटच्या त्या कमानीचे वंशज मिरजेच्या तांग्याखाली होते, एसटीखाली होते आणि पुढं आमच्या दारातल्या गाडीखालीही आले.

एसटीचा शेवटचा बाक ज्यानं अनुभवला आहे, त्याला गाडीच्या रचनेतला एक मोठा धडा फुकट मिळालेला असतो. शिकायला पुण्यात असताना गर्दीत मला तोच बाक मिळायचा. मागची चाकं त्या बाकाच्या बऱ्याच पुढं असतात. चाक उचललं की त्याच्या मागचा सगळा भाग तरफेसारखा आणखी उंच उचलला जातो. पुढं बसलेल्याला जो हेलकावा वाटतो, तोच मागच्याला डोकं टपाला लागेपर्यंत उडवतो. बस एकच, रस्ता एकच, ड्रायव्हरही एकच, पण प्रवास मात्र दोन वेगवेगळे. पुढच्या सीटवर बसून गाडीच्या आरामाबद्दल मत देऊ नये, हे मी तिथं शिकलो.

बाबा गुरांचे डॉक्टर. त्यांना वाड्यावस्त्यांवर, कोंडांवर, पावसात वाहून गेलेल्या वाटांनी जावं लागे. नव्वदच्या दशकात त्यांनी जिप्सी घेतली. 1.3 लिटरचं इंजिन, चारही चाकांना ताकद द्यायची सोय आणि चारही बाजूंना कमानपाटे. ही गाडी 1985 च्या अखेरीस भारतात आली. लष्करानं, पोलिसांनी, वनखात्यानं ती भरपूर वापरली आणि डोंगरी भागातल्या लोकांचाही तिच्यावर जीव जडला. आमच्या खोऱ्यात कितीतरी बाळंतिणी, साप चावलेले, अडलेल्या म्हशींच्या मालकांची रडवेली पोरं या गाडीतून गेली. बाबा अभिमानानं सांगत, “ही अडत नाही.” ती खरंच अडत नसे. पण मागच्या आडव्या बाकांवर, एकमेकांकडं तोंड करून बसणाऱ्यांची आतडी गोळा होत, तेही तितकंच खरं.

याचं कारण तिच्या जन्मात आहे. लष्करात ही गाडी पाचशे किलो भार वाहणाऱ्या वर्गात मोडते. रिकामी गाडी साधारण एक टनाची. म्हणजे तिच्या पाट्यांना गाडीच्या वजनाच्या निम्मा बोजा पेलायचा आहे, असं धरून त्यांचा ताठपणा ठरवलेला. पाचशे किलो घातले की ती शहाण्यासारखी चालते. घरची तीन-चार माणसं आणि एक तांदळाचं पोतं एवढ्यावर पाटे पुरते दबतच नाहीत, आणि जो पाटा दबत नाही तो गचका पुढं पाठवतो. गाडीत दोष काहीच नव्हता. ती दुसऱ्याच ओझ्यासाठी घडवली होती.

त्यात वय झालं. पाटे बसले, म्हणजे त्यांची कमान उतरली. दोन पाट्यांच्या मधे गंज धरला. पाटे एकमेकांवर घासतात ते घर्षण थोडं असेल तर चांगलंच, उसळी आपोआप मरते. पण गंजलेले पाटे सरकतच नाहीत, सगळी चवड मिळून एक जाड पट्टी होऊन बसते. पाट्याचं टोक सांगाड्याला जोडणाऱ्या शॅकलचे रबरी बुश चिरले होते. शॉकअपवर तेलकट ओल होती आणि तिच्यावर धुळीचा लेप. तेलाची सील गेल्याची ही पक्की खूण. कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा हलते ते बघायचं, ही सर्वांना माहीत असलेली परीक्षा इथं उपयोगाची नव्हती, कारण गंजलेले पाटे दबतच नव्हते. शॉकअप मेलेला असूनही गाडी घट्ट वाटे. आईच्या कमरेचा मणका दुखायला लागला आणि डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलं. आई गावाला जायचं टाळू लागली. गाडी विकून टाक, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. माझ्या मनाला ते पटेना. ज्या गाडीनं अख्ख्या खोऱ्याला दवाखान्यात पोचवलं, तिच्यात आईला बसता येऊ नये हे मला सहन होत नव्हतं.

इथं शॉकअपचं काम सांगायला हवं, कारण त्याच्याबद्दल गैरसमज फार. गचका शॉकअप खातो, असं आपण धरून चालतो. गचका खरं तर पाटा किंवा स्प्रिंग घेते. ती दबते, ताकद साठवते आणि ती परत द्यायला उसळते. शॉकअप त्या उसळीला आवरतो. दार आपटू नये म्हणून चौकटीला डोअर क्लोजर लावतात, तसंच हे. आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. तेल त्या भोकांतून जबरदस्तीनं जातं, त्यात हालचालीची ताकद उष्णता होऊन संपते. घाट उतरल्यावर शॉकअपला हात लावा, तो गरम लागेल. तुमच्या पाठीला बसणारे कितीतरी हिसके त्या उष्णतेत संपलेले असतात. दबताना किती विरोध करायचा आणि उसळताना किती, हे कारखान्यात ठरवलेलं असतं. उसळतानाचा विरोध साधारणपणे जास्त ठेवतात.

कारखान्यानं ठरवलेलं हे माप मालकाला बदलता यावं, ही कल्पना जुनी. हॉलंडमधली कोनी ही कंपनी 1857 साली घोड्यांच्या सरंजामापासून सुरू झाली आणि पुढं जुळवता येणाऱ्या शॉकअपसाठी नावाजली. तिचे जुन्या घडणीचे शॉकअप जुळवायचे तर ते गाडीवरून उतरवून, पूर्ण दाबून, आतल्या खाचेत अडकेपर्यंत हलके फिरवून मग वळसा द्यावा लागतो. डोंगराळ, ओबडधोबड वाटांवर जाणाऱ्या गाड्यांसाठी अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात त्याहून सोपी सोय झाली. शॉकअपच्या अंगावरच एक बटण, त्याला नऊ टप्पे. एक म्हणजे सगळ्यात मऊ, नऊ म्हणजे सगळ्यात कडक. काही उतरवायचं नाही, गाडीखाली हात घालायचा आणि टिचकी वाजेपर्यंत फिरवायचं. असे चार शॉकअप मी मागवले.

गाडी उंच करायची नाही, हे मात्र आधीच ठरवलं होतं. लांब शॅकल लावून जिप्सी उंच करण्याची हौस पुष्कळांना असते. या गाडीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाट्याचं नाक खाली जातं, त्याच्याबरोबर ॲक्सल पुढं कलतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागचा कल, कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही, वेगात गाडी भिरभिरते. ते सावरायला पाटा आणि ॲक्सलच्या मधे पाचर मारावी लागते. शिवाय ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानंही 2019 साली त्यावर बोट ठेवलं. मला उंची वाढवायची नव्हतीच. मूळ उंचीवरच, पण आमच्या भाराला आणि आमच्या रस्त्याला साजेशी चाल हवी होती.

कामाला सुरुवात कराडात, कमानपाट्यांच्या मिस्त्रींकडं झाली. साठी ओलांडलेला माणूस, दंडावर ठिणग्यांच्या जुन्या खुणा. ट्रकचे पाटे करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. गंजलेले यू-बोल्ट त्यांनी सोडवत बसण्यात वेळ घालवला नाही, सरळ कापले. “हे परत लावायचं नसतं, दादा. एकदा ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा धरंलच असं न्हाय.” मग चवड खोलली. प्रत्येक पाट्यावर खडूनं आकडा घातला, तारेच्या ब्रशनं गंज काढला. जिथं खालच्या पाट्याचं टोक वरच्याला घासत होतं, तिथं खोल चर पडले होते. ते त्यांनी ग्राइंडरनं साफ करून घेतले.

नंतर त्यांनी कोबा झाडला आणि जमिनीवर खडूनं मोठी कमान काढली, एका झटक्यात. डाव्या बाजूचा मुख्य पाटा तिच्यावर ठेवला. मधे बोटभर फट दिसली. उजव्याला त्याहून जास्त. ड्रायव्हरच्या बाजूनं गाडी जास्त बसते, त्याचा हा हिशेब त्या खडूच्या रेषेत स्पष्ट दिसत होता. मी विचारलं, भट्टीत घालणार का? ते म्हणाले, “तापवला की पाट्याचं पाणी जातं. थंडाच ठोकायचा.” ऐरणीवर पाटा आडवा धरून त्यांनी घणाचे ठोके द्यायला सुरुवात केली. जोर फार नव्हता, पण अंतर नेमकं, एका ठोक्याशेजारी दुसरा. दर थोड्या वेळानं पाटा रेषेवर ठेवायचा, डोळा बारीक करून बघायचं, पुन्हा ऐरणीवर. सगळे पाटे रेषेला लागायला दुपार गेली. एखादा पाटा काढून टाकला तर गाडी मऊ होईल, असं शेजारी उभ्या एकानं सुचवलं. मिस्त्रींनी मान हलवली. पाटे आखूड-लांब असतात ते ताण वाटून घेण्यासाठी. मधला एक काढला की त्याचा वाटा मुख्य पाट्यावर पडतो आणि तो एखाद्या घाटात तुटतो. आराम हवा म्हणून आधार काढून घ्यायचा नसतो, एवढं त्यांनी ठामपणे सांगितलं.

पाट्यांमधे ग्रॅफाइटचं ग्रीस भरून चवड पुन्हा बांधली. मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात बरोबर बसलं की पाटा जागेवर येतो. नवे यू-बोल्ट तिरपे, एक इकडचा एक तिकडचा, थोडे थोडे आवळले. बुश सगळे नवे, रबराचेच. शॅकलचे बोल्ट मात्र हातानं सैलच ठेवले. गाडी चाकांवर उतरवली, पाट्यांवर वजन आलं, गाडी आपल्या उंचीला स्थिरावली, तेव्हा कुठं मिस्त्री पान्हा घेऊन खाली सरकले आणि ते बोल्ट शेवटचे आवळले. गाडी हवेत असताना आवळले असते तर ती खाली येताच रबर पिळलं गेलं असतं आणि कायम पिळलेलंच राहून लवकर फाटलं असतं. कुठल्याही रबरी बुशच्या गाडीला हा नियम लागू आहे आणि फारच थोड्या ठिकाणी तो पाळला जातो. शेवटी शॉकअप बसवले, बटण बाहेरच्या बाजूला, हात पोचेल असं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. नऊ टप्पे पुढं आणि नऊ मागं. टायरची हवा आधी सारखी करून घेतली, नाहीतर कशाचा परिणाम काय ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तोच रस्ता, तेवढाच वेग, तेवढीच माणसं. उंब्रजहून मल्हारपेठ, पाटण आणि तिथून वर आमच्या गावापर्यंत. या एकाच वाटेवर हायवे आहे, गावातले गतिरोधक आहेत, उखडलेलं डांबर आहे आणि शेवटी लाल मातीची चढण. मी एक वही केली आणि त्यात पुढचा आकडा, मागचा आकडा आणि आईचा शेरा, असे तीन रकाने पाडले.

मागं सात ठेवल्यावर मला स्वतःला गाडी फार आवडली. वळणावर झुकत नव्हती, ब्रेक मारल्यावर नाक खुपसत नव्हती, स्टिअरिंगला भरवशाची पकड आली होती. आई मात्र पाटणच्या पुढं उखडलेल्या रस्त्यावर गप्प झाली. विचारल्यावर म्हणाली, “पहिला खड्डा बरा वाटतो. पण पुढं पुढं गाडी खालीच बसत जाते आणि आपटते.” तिनं नेमकं निदान केलं होतं. उसळीला फार आवर घातला की एका खड्ड्यातून पाटा पूर्ण मोकळा व्हायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा. पाटा दबलेलाच राहतो, दबायला जागा उरत नाही आणि शेवटी ॲक्सल बंपस्टॉपच्या रबरी अडसरावर आदळतो. खराब रस्त्यासाठी शॉकअप कडक हवा, असं पुष्कळ जण सांगतात. लागोपाठच्या खड्ड्यांवर त्याच्या उलट घडतं, हे आईच्या पाठीनं सांगितलं. मागचं बटण खाली आणत गेलो. फार मऊ केल्यावर गतिरोधकानंतर गाडी डुलत राहायची आणि आईला मळमळायचं. मधे कुठंतरी अशी जागा आली की गाडी एकदा वर येते आणि बसते, पुन्हा डुलत नाही. पुढं चार, मागं तीन. तिथं आईचा शेरा होता, “आता बोलता येतंय.”

गाडीतल्या आरामाच्या याच प्रश्नावर 1930 च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं मोठं काम केलं. त्यानं एका मोठ्या गाडीवर हलवता येणारी वजनं बसवली, पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचा ताठपणा बदलत नेला आणि माणसांना बसवून फिरवलं. आराम मोजणारं यंत्र त्यांच्याजवळ नव्हतं, त्यामुळं गाडीत बसलेल्यांचा अनुभव हाच निवाडा. त्यातून निघालेला नियम आजही पाळतात: मागचं चाक खड्ड्यावर उशिरा येतं, म्हणून मागच्या स्प्रिंगची हालचाल पुढच्यापेक्षा थोडी जलद ठेवायची, म्हणजे दोन्ही टोकं लवकरच एका लयीत येतात आणि गाडी होडीसारखी पुढंमागं डोलत नाही. पुढं आलेल्या असंख्य गाड्यांचा आराम अशा बसून केलेल्या परीक्षांवर उभा आहे. माझ्या वहीतला तिसरा रकाना त्याच पद्धतीचा आहे, याचा मला आनंद वाटतो.

आता ओझं असेल तेव्हा मी मागचं बटण दोन टिचक्या वर नेतो. चार माणसं आणि पोती असली की पाटे आपल्या मूळ कामाला लागतात, तेव्हा तेवढा आवर लागतोच. रिकामी गाडी घेऊन पुण्याला परतताना खंबाटकीच्या वळणांसाठी पुढचं एक टिचकी कडक करतो. आई गाडीत असली की चार आणि तीन. बाबांनी आयुष्यभर ही गाडी दुसऱ्यांसाठी चालवली. तिची चाल आता आत बसलेल्या माणसाकडं बघून ठरते, हे त्यांनाही पटलं आहे. हल्ली ते स्वतः निघताना विचारतात, आज किती ठेवलंय?

जुन्या गाडीला असे भाग बसवणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे. आधी बुश बदला, पाट्यांना कमान मारून घ्या, यू-बोल्ट नवे घाला आणि काहीशे किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा आवळा. झिजलेल्या रबरांवर महागडा शॉकअप बसवून काही साधत नाही. पाटे, बुश सगळं मूळ पदावर आल्यावरच बटणाला हात लावा. आणि कोणता टप्पा बरा, हे स्टिअरिंगवर बसून ठरवू नका. किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या, आपल्याच गाडीत मागच्या बाकावर बसा आणि तुमच्या गावाचा सगळ्यात वाईट रस्ता एकदा पार करून या. गाडीचं खरं माप तिथं कळतं, आणि ते मागं बसणाऱ्यानंच सांगायचं असतं.